लायन गेटसमोरचं स्कॉट कर्क

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘सेंट अँड्र्यूज’ सांगू नका. तो वांद्र्याला नेईल. तिथलं चर्च पोर्तुगीज काळातलं, कॅथलिक. आपल्याला जायचंय स्कॉटांच्या सेंट अँड्र्यूज चर्चला, फोर्टात, काळा घोड्याजवळ, नौदलाच्या लायन गेटसमोर. सीएसएमटीहून पायी साधारण 20 मिनिटं. वाटेत हॉर्निमन सर्कलला सेंट थॉमस कॅथीड्रल (1718) लागतं, ते आधी पाहून घ्या. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं, म्हणजे एका प्रांतातल्या चर्चांच्या प्रमुखाचं, आसन असलेलं चर्च. ते पाहिल्याशिवाय पुढच्या वास्तूत काय नाही, हे कळत नाही: स्कॉटांचं चर्च प्रेस्बिटेरियन, त्यात बिशपच नव्हता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या 1813च्या सनदेमुळे कलकत्त्याला अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, बिशप आला. कंपनीत स्कॉटांचा भरणा मोठा, त्यांनीही आपला धर्मोपदेशक मागितला आणि तिन्ही इलाख्यांत मिळवला. त्यातून तीन कर्क उभी राहिली: कलकत्ता 1818, मुंबई 1819, मद्रास 1821. ‘कर्क’ हा चर्चसाठीचा स्कॉट शब्द. तिघांचंही नाव सेंट अँड्र्यू, स्कॉटलंडच्या आश्रयदात्या संताचं.

मी आधी रस्त्यापलीकडूनच पाहतो: दर्शनी खांब, त्यावर त्रिकोणी माथा आणि वर निमुळता मनोरा. मनोरा मूळचा नाही. 1826 मध्ये वीज पडून पहिला गेला, मग नवा चढवला. कॅमेरा मात्र लायन गेटकडे वळवू नका, हद्द नौदलाची आहे. शेजारी एकेकाळी बर्फाचं कोठार होतं. अमेरिकेतून जहाजानं, लाकडाच्या भुशात बांधून आलेला बर्फ तिथे साठवत.

रविवारची उपासना सोडून दार बंद असेल असंच धरून चला. आत गेलात तर नजर व्यासपीठावर ठेवा. या प्रेस्बिटेरियन परंपरेत वेदीपेक्षा बायबलच्या वचनाला मान, म्हणून उपदेशाची जागा ठळक. कारभारही तसाच. ‘प्रेस्बिटेरियन’ आलं ग्रीक ‘प्रेस्बिटेरॉस’वरून, म्हणजे वडीलधारा. मंडळीनं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांनी, निवडलेले वडीलधारे आणि पाळक (धर्मोपदेशक) मिळून सेशन, अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, सगळ्यांवर जनरल असेंब्ली. निर्णय सभेत होतात, एका माणसाच्या हाती नाहीत. त्यामुळे अशा मंडळीचा इतिहास शोधताना स्मृतिफलकांवरच थांबू नये. फलक पैसेवाल्यांचे असतात; भांडणं, शिस्तभंग, वर्गणीची थकबाकी हे सगळं सेशनच्या इतिवृत्तात सापडतं.

1843 मध्ये स्कॉटलंडात ही चर्चसंस्थाच दुभंगली. पाळक नेमायचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, हा वादाचा गाभा. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन फुटून निघालेल्या गटाच्या, म्हणजे फ्री चर्चच्या, बाजूने गेले. त्यांच्याच शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झालं. चौपाटीवरची इमारत 1889ची.

पाटीवर आज सेंट अँड्र्यूबरोबर सेंट कोलंबाचंही नाव आहे. दोन मंडळ्या एक झाल्याची ती खूण. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात मात्र बिशप आहेत. सेंट थॉमस आणि हे कर्क आता एकाच बिशपच्या देखरेखीखाली आहेत.