नसलेल्या रिळाची पाटी

म्युनिकच्या फिल्म म्युझियममध्ये गेल्या महिन्यात जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट पाहत होतो. चित्रपट रंगात आलेला असताना पडद्यावरचे दृश्य एकाएकी थांबले आणि काळ्या पडद्यावर काही ओळी उमटल्या. येथे एक प्रसंग होता, त्यात अमुक पात्र अमुक करीत होते, तो प्रसंग आता मिळत नाही, असा त्या ओळींचा आशय होता. पडद्याच्या बाजूला बसून पियानो वाजवणाऱ्या बाई तेवढा वेळ हात न थांबवता हलके हलके वाजवत राहिल्या. पाटी गेली आणि कथा पुढे सुरू झाली. सभागृहात कोणी चुळबुळ केली नाही की शिट्टी मारली नाही. मी मात्र पुढची दहा मिनिटे पडद्याकडे पाहत असूनही सोलापुरातल्या एका टॉकीजच्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसलो होतो.

त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यापूर्वी आमच्या उद्योगाविषयी सांगायला हवे. आम्ही पाच जण सोलापूरच्या हरिभाई शाळेत एका वर्गात होतो. चौघे आजही सोलापुरात आहेत आणि मी गेली सोळा वर्षे येथे म्युनिकमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की, लहानपणी जे मिळेल ते पाहिले, आता जरा क्रमाने पाहू. १९२०च्या दशकापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक दशकातले दोन चित्रपट घ्यायचे. त्यांपैकी एक जाणकारांनी अभिजात मानलेला असावा आणि दुसरा लोकांनी आपणहून डोक्यावर घेतलेला असावा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पूर्व भागातल्या, म्हणजे गावच्या तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीतल्या, मित्राच्या घरी, त्याच्या यंत्रमागाच्या शेडवरच्या खोलीत, भिंतीला पांढरी चादर लावून चौघे बसतात. मी येथे तोच चित्रपट त्याच वेळी लावतो. उन्हाळ्यात साडेतीन तासांचे आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते, तेवढे सांभाळावे लागते. चित्रपट संपला की तासभर फोनवर चर्चा होते. आमच्यातला जो शिक्षक आहे, तो एका लांब वहीत सगळे टिपून ठेवतो.

‘मेट्रोपोलिस’ आम्ही दोन वर्षांपूर्वीच पाहून वहीत लिहून टाकला होता. पण घरच्या पडद्यावर पाहताना ती पाटी मला केवळ एक अडथळा वाटली होती. म्युझियममध्ये शंभरेक माणसांबरोबर अंधारात बसल्यावर तिचे वजन कळले.

हा चित्रपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी अडीच तासांहून थोडी अधिक होती. तो चालला नाही म्हणून वितरकांनी त्याला कात्री लावली आणि कापलेला भाग कोठे गेला, याचा ऐंशी वर्षे पत्ता नव्हता. म्युनिकच्या याच फिल्म म्युझियमचे प्रमुख एन्नो पाटालास यांनी जगभरातून तुकडे, छायाचित्रे आणि कागदपत्रे गोळा करून १९८७ मध्ये एक आवृत्ती सिद्ध केली. पुढे २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये आजची आवृत्ती तयार झाली. सापडलेला भाग चटकन ओळखू येतो. त्याच्यावर पावसाच्या सरींसारख्या उभ्या रेघा आहेत आणि ती चौकट मूळ चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे कडेला काळी पट्टी राहते. त्या रेघा शक्य तेवढ्या पुसूनही उरल्या, तेव्हा त्या तशाच ठेवल्या आणि ती पट्टीही झाकली नाही. याउपर जे दोन प्रसंग सापडलेच नाहीत, त्यांच्या जागी पाटी आली.

मला या पाटीविषयी इतका आदर का वाटला, हे मित्रांना समजावून सांगताना माझा फोनवरचा सगळा तास गेला. चित्रपट तोडला जाणे ही जगभर घडणारी गोष्ट आहे. परंतु तुटलेली जागा सांधून, वरून रंग देऊन गप्प बसण्याऐवजी ‘येथे काही होते’ असे प्रेक्षकाला सांगणे म्हणजे प्रेक्षकाला घरचे माणूस समजणे आहे. घरातला एखादा माणूस गेला, तर आपण पंगतीतले त्याचे पान लगेच दुसऱ्याला देत नाही. त्या पाटीपुढे बसलेले लोक ती जशी वाचत होते, त्यात मला तोच भाव दिसला. मी हे बोलत असताना पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग यंत्रमागवाला मित्र म्हणाला, “तिकडं बसून तू आपलंच काहीतरी कमी काढायलास बे.”

त्याचे म्हणणे मला लागले, कारण त्यात तथ्य होते. आपल्याकडे काय उरले, याचा हिशेब मांडला की मन खट्टू होते, हे खरे आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले, पण त्यांतले तीससुद्धा शिल्लक नाहीत. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. जुन्या रिळांमधली चांदी काढण्यासाठी ती विकली गेली, काही उकाड्याने गेली आणि २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची रिळे, जळाली, त्यांत प्रभातची मूळ रिळेही होती. परंतु सोलापूरचा मे महिना ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला नायट्रेटची फिल्म तेथे टिकवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. येथे म्युनिकमध्ये वर्षातले सहा महिने निसर्गच शीतगृह चालवतो. शिवाय ज्या देशात १९६४ पर्यंत चित्रपटांचे संग्रहालयच नव्हते, तेथे पी. के. नायर यांच्यासारख्या एका माणसाने गावोगाव फिरून, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या गोदामातून रिळे गोळा करून जे उभे केले, ते पाटालास यांच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाही. मला तर ते अधिक वाटते.

आणि प्रेक्षक म्हणून तर आपण कोणाला हार जाणार नाही. येथे म्युझियम लिश्टश्पीले नावाच्या चित्रपटगृहात ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७७ पासून चालू आहे. लोक वेष करून येतात, तांदूळ उडवतात आणि संवाद पडद्याच्या आधी म्हणतात. येथले सहकारी ते मोठ्या कौतुकाने सांगतात. मला त्यांना सांगावेसे वाटते की, आमच्या पूर्व भागात तेलुगू चित्रपटाच्या पहिल्या खेळाला पडद्यावर नाणी उडत असत आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आमच्या घराघरांत आजही पात्रांच्या आधी बोलला जातो. त्यासाठी आम्हाला तिकीटही काढावे लागत नाही.

त्या संध्याकाळी चित्रपट संपल्यावर बाहेर एका वृद्ध गृहस्थांनी मला कोठला म्हणून विचारले. मी भारत म्हणताच ते म्हणाले, “मग फ्रान्त्स ऑस्टेन आपल्या दोघांचा.” मला हे नाव माहीत नव्हते. घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. ऑस्टेन हा म्युनिकचा, जन्म १८७६ चा. निर्माते हिमांशु राय १९२४ मध्ये या शहरात आले आणि येथल्या एमेल्का या चित्रपट कंपनीला बरोबर घेऊन त्यांनी १९२५ चा ‘प्रेम संन्यास’ केला, त्याचे दिग्दर्शन ऑस्टेनचे. पुढे १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, तेव्हा तो तेथे आला आणि हिंदी येत नसताना त्याने १९३६ चा ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित केला. त्याच वर्षी तो नाझी पक्षाचा सभासद झाला होता, हेही येथे लिहिलेच पाहिजे, कारण गाळायचे नाही असे म्हटले की मग काहीच गाळता येत नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी त्याला स्थानबद्ध केले.

त्याच्याबरोबर आलेला कॅमेरामन योझेफ विर्शिंग हाही म्युनिकचाच. तोही स्थानबद्ध झाला, पण सुटल्यावर तो भारतातच राहिला. १९४९ चा ‘महल’ त्याने चित्रित केला आणि १९६७ मध्ये मुंबईतच त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याच्या हातातला ‘पाकीझा’ अपुरा होता. इतरांनी तो पूर्ण केला आणि १९७२ मध्ये तो प्रदर्शित झाला.

‘पाकीझा’ हे नाव वाचले आणि मी पुन्हा त्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसलो.

आम्ही आठवीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत एका टॉकीजला ‘पाकीझा’ मॅटिनीला लागला होता. त्या टॉकीजचे नाव मी लिहीत नाही. हत्ती नदीतल्या नावेवर चाल करून येतात, नाव वाहून जाते आणि पुढच्याच क्षणी नायिका कोठ्यावर परत. मधले काहीच नाही. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, खुर्च्या आपटल्या आणि मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे पाहत ऑपरेटरचा उद्धार केला. आम्हीही ओरडलो. पुढे दूरदर्शनवर पूर्ण चित्रपट पाहिला तेव्हा कळले की, नदीकाठच्या तंबूतला सगळा प्रसंग, गाण्यासकट, आम्हाला दाखवलाच नव्हता. तो ऑपरेटर आमच्यातल्याच एकाचा बाप होता. पुढच्या खेळाची वेळ गाठण्यासाठी त्याने रीळ कापले, असे आम्ही धरून चाललो आणि वर्गात त्या मित्राला त्यावरून दहावीपर्यंत छळले. त्याने कधी उलट उत्तर दिले नाही. आज तो आमच्या पाच जणांत आहे, रविवारी सर्वांच्या आधी येऊन चादर बांधतो, आणि या विषयावर आम्ही पस्तीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.

मी त्याला फोन केला. आईला करायचा राहिला होता, तरी आधी त्याला केला. येथे राहून मी काय मिळवले, असे ती विचारते तेव्हा मी पगार सांगत नाही, घर सांगत नाही. मला वाटते, येथे आलो नसतो तर त्या पाटीपुढे मी बसलो नसतो आणि हा फोन मी केला नसता, आणि एवढे कारण मला पुरते. आईला ते पुरत नाही, याचीही मला कल्पना आहे.

मी त्याला विर्शिंगविषयी सांगितले, पाटीविषयी सांगितले आणि शेवटी वर्गातल्या त्या छळाबद्दल माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबांनाच विचार की. जागे आहेत.”

काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आवाज बारीक झाला आहे, पण रिळांची गोष्ट निघाली की वय मागे पडते. एक रीळ म्हणजे हजार फूट, अकरा मिनिटे. संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो, तो पाहून दुसरा प्रोजेक्टर चालू करायचा. कार्बनच्या कांड्या जळत असताना त्यांमधले अंतर हाताने सांभाळायचे. हे सगळे त्यांनी मला कालच्यासारखे सांगितले. मग ‘पाकीझा’. ती प्रत कित्येक गावे फिरून आली होती. पेट्या उघडून त्यांनी प्रत्येक रीळ बोटांतून सोडून पाहिले, तेव्हा त्या एका रिळाच्या कडेची भोके सलग फाटलेली निघाली. प्रोजेक्टरचे दाते धरतात ती हीच भोके. ते चढवले असते तर अडकले असते आणि कार्बनच्या झोतापुढे थांबलेली फिल्म क्षणात करपते. दोन रात्री बसून त्यांनी जोड दिले, पण ते टिकेनात. शेवटी त्यांनी ते रीळ बाजूला ठेवले.

“पण लोकांना सांगायला नको का?” काका म्हणाले. “म्हणून मी काचेवर लिहून स्लाइड केली. ‘एक रीळ खराब असल्यामुळे दाखवता येत नाही, क्षमस्व.’ पहिल्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी लावली. दहा-बारा लोक पैसे परत मागायला बुकिंगवर गेले. मॅनेजर वर आला आणि स्लाइड काढून घेऊन गेला. तुम्ही पोरं दुसऱ्या दिवशी आला होता.”

मला काही बोलता आले नाही. म्युनिकच्या पाटीचे इतके गुणगान मी मित्रांना ऐकवले होते, आणि तीच पाटी सोलापुरात एका माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहून, आमच्या आदल्याच दिवशी पडद्यावर लावली होती.

शिक्षक मित्राने वहीत नवा रकाना आखला आहे, ‘न दिसलेले’. ‘मेट्रोपोलिस’समोर त्याने दोन प्रसंग लिहिले आणि ‘पाकीझा’समोर काकांची स्लाइड शब्दशः उतरवून घेतली. पुढच्या रविवारी १९४० चे दशक पुन्हा काढणार आहोत. शांताराम यांचा १९४६ चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आम्ही घाईने उरकला होता, आणि डॉक्टर तर आमच्याच गावचे, १९१० साली सोलापुरात जन्मलेले. काकांना खाली शेडपर्यंत रिक्षाने आणायचे ठरले आहे.

फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, “तिकडं ती पाटी किती वेळ ठेवतात रे पडद्यावर?”

“सगळ्यांची वाचून होईपर्यंत, काका. सावकाश.”

“मीही तेवढीच ठेवली होती,” ते म्हणाले.