तुम्ही विचारलंत म्हणून: गावातले ट्रक बंद का होत नाहीत?

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाची ताटं हातात आली की कुणीतरी मला गाठतंच. "अहो, तुम्ही काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्हा कौन्सिलात, रस्त्यांचंच बघता ना? मग आमच्या गावातून जाणारे ते धूड बंद का करत नाही? एक पाटी तर लावायची!" विचारणारे बहुतेक गेल्या काही वर्षांत लंडन किंवा केंब्रिज सोडून पूर्व इंग्लंडातल्या सफोक-नॉरफोककडच्या एखाद्या खेड्यात नवं घर घेतलेले असतात. हाच प्रश्न पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, बैठकीत इंग्रज आजोबा विचारतात, फक्त त्यांच्या हातात प्रसादाऐवजी फोटोंची फाइल असते. ताट रिकामं होईपर्यंत पुरं होईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर पाटीने ट्रक नाहीसा होत नाही, तो शेजारच्या गावात जातो. आणि त्याचा बंदोबस्त करायचाच असेल तर तो गावाच्या वेशीवर होत नाही. ट्रक खाणीच्या किंवा गोदामाच्या ज्या फाटकातून बाहेर पडतो तिथे होतो, आणि तोही ते फाटक उभं राहण्याआधी.

आधी पाटीचंच बघू. लाल कड्यात काळा ट्रक आणि त्याच्या पोटात ७.५ टनांचा आकडा, ही तुम्ही पाहिलेली असते. हे ७.५ टन म्हणजे त्या क्षणी ट्रकमध्ये असलेलं वजन नव्हे. पूर्ण भरल्यावर गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे गाडीच्या प्लेटवर कोरलेलं असतं, ते वजन. म्हणजे ४४ टनी ट्रेलर रिकामा खडखडत आला तरी त्याला बंदी, आणि ७ टनी टेम्पो काठोकाठ भरून आला तरी त्याला मोकळीक. (१ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना त्याच लायसनवर ७.५ टनांपर्यंतची गाडी चालवता येते. तुमच्या शेजारचे आजोबा त्यात मोडतात, तुम्ही बहुधा नाही.)

त्या गोलाखाली एक छोटी पाटी असते, 'गावात काम असलेल्यांना वगळून' अशा अर्थाची. ती काढता येत नाही. गावातल्या पबला बिअर लागते, घरांना गरम करायला टाकीत तेल लागतं, शेतावर खत लागतं, तुमच्या नव्या स्वयंपाकघराची कपाटंही ट्रकनेच आली. त्यामुळे बंदी असते ती फक्त गावातून आरपार जाणाऱ्यांना. कमकुवत पुलावरच्या पाटीचं वेगळं, तिथे पुलाच्या ताकदीचा प्रश्न असतो, घासाघीस नसते. पण तुम्ही मागता ती पाटी त्यातली नव्हे.

आता आरपार जाणारा ओळखायचा कसा? वेशीवर ट्रक दिसला एवढ्याने गुन्हा होत नाही. तो मध्ये कुठेही न थांबता दुसऱ्या टोकाला बाहेर पडला, हे दाखवावं लागतं. म्हणजे पोलिसाने त्याच्या मागे मागे जायचं. ग्रामीण भागातल्या पोलिसांकडे त्यासाठी किती वेळ असेल याचा अंदाज तुम्हीच करा. काही काउंट्यांत हे काम ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाले, म्हणजे कौन्सिलचे व्यापार-तपासणी अधिकारी, करतात. काही गावांत 'लॉरी वॉच' चालतं, म्हणजे गावकरी स्वतः ट्रकचे नंबर, वेळ, दिशा टिपून देतात आणि मालकाला पत्र जातं. पत्राला हसू नका. नाव असलेली कंपनी पत्राला घाबरते, कारण तिचा परवाना ट्रॅफिक कमिशनरच्या हातात असतो. २०२२पासून इंग्लंडमधल्या लंडनबाहेरच्या कौन्सिलांनाही काही वाहतूकगुन्हे कॅमेऱ्याने पकडायचा अधिकार मागता येतो. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, वेळ दिसते, पण ट्रकने मधल्या फार्मवर दोन पोती उतरवली का, हे दिसत नाही. ते शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

समजा, हे सगळं जमलं. तरी पाटी लावण्याआधी १९८४च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन कायद्याखाली आदेश काढावा लागतो, नोटीस द्यावी लागते, हरकतींसाठी २१ दिवस ठेवावे लागतात. आणि हरकत कुठून येते? शेजारच्या गावातून. येणारच. तुमच्या गावातून रोज जाणारे ट्रक उद्या हवेत विरणार नाहीत. नकाशावर पुढचा जो रस्ता दिसेल तो धरतील, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याहून अरुंद असतो. मग त्या गावालाही पाटी हवी, मग तिसऱ्याला. एकेका गावाच्या पाटीला माझा विरोध असतो तो यामुळे, आणि या मतापायी मी बऱ्याच बैठकांत खलनायक ठरलो आहे. एक अख्खा पट्टा घेऊन, त्याच्या चारही बाजूंना ट्रकना सोसतील असे रस्ते आहेत हे पाहून, मग आतल्या सगळ्या गावांना एकत्र बंदी घालायची, याला अर्थ आहे. सफोकमध्ये ट्रकसाठी शिफारस केलेल्या रस्त्यांचा नकाशाच आहे, तो याच विचाराचा.

आणि मोठा रस्ताच बंद पडला तर? फेलिक्सस्टो हे इथलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर. तिथून निघणारा माल ए१४ या महामार्गाने इप्सविचच्या दक्षिणेकडून ऑरवेल पुलावरून जातो. पूल १९८२ साली खुला झाला, पाण्यापासून चांगलाच उंच आहे, आणि वारा फार सुटला की बंद करावा लागतो. त्या दिवशी इप्सविच शहर कंटेनरांनी तुंबतं, आणि अधीर झालेले ड्रायव्हर गल्ल्या शोधायला लागतात. अशा दिवशी कुठल्या गावाच्या तोंडाला कुठली पाटी आहे, याची फारशी कुणाला पडलेली नसते.

ड्रायव्हरबद्दल एक सांगतो, कारण बैठकीत त्याच्या बाजूने बोलायला कुणीच नसतं. या गल्ल्यांत त्याला यायचं नसतं. ट्रकची रुंदी आरशांशिवाय २.५५ मीटर. समोरासमोर दोन ट्रक हळूहळू का होईना निघायला साधारण साडेपाच मीटर रस्ता लागतो. इथल्या कित्येक रस्त्यांवर दोन मोटारीही एकमेकींना भिडतात. दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे वर्षांची कुंपणाची झाडी, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि ४४ टन उलटे मागे घ्यायचे, म्हणजे त्या माणसाला घाम फुटतो. तो तिथे येतो कारण डेपोने दिलेली वेळ टळत असते, किंवा त्याच्याकडे मोटारीसाठीचा स्वस्त नकाशा असतो आणि त्या नकाशाला ट्रकची उंची-रुंदी ठाऊकच नसते. आम्ही 'अवजड वाहनांसाठी योग्य नाही' असे सल्ल्याचे फलक लावतो. त्यांना कायद्याचं बळ नाही, पण अनोळखी ड्रायव्हरला ते खरोखर उपयोगी पडतात. माझ्या मते बंदीच्या पाटीपेक्षा जास्त.

रस्त्याचं जे होतं ते मात्र मी सौम्य करून सांगणार नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटवाजवळ मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही आम्ही वापरतो: रस्त्याचं नुकसान आसावरच्या, म्हणजे चाकांच्या एका जोडीवरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. मोटारीच्या आसावर पाऊण टन धरा, भरलेल्या ट्रेलरच्या मुख्य आसावर साडेदहा टन. वजन चौदापट, नुकसान चौदाचा चौथा घात, म्हणजे ३८ हजारांच्या वर. ठोकताळाच आहे, पण तो निदान नीट बांधलेल्या रस्त्यांवरचा. इथले गावरस्ते कुणी आखून बांधलेच नाहीत. बैलगाडी-घोडागाडीच्या वाटेवर खडी, खडीवर डांबर, डांबरावर आणखी डांबर, असे थर चढत गेले. कडेला दगडी काठ नाही. ट्रकचं चाक एकदा मातीत उतरलं की कड तुटते, तुटलेल्या कडेत पाणी मुरतं, हिवाळ्यात ते गोठतं, आणि वसंतात तुम्ही मला खड्ड्याचा फोटो पाठवता. पश्चिमेकडच्या फेन्समध्ये तर रस्त्याखाली दलदलीची काळी माती आहे. २०१८ आणि २०२२सारख्या कोरड्या उन्हाळ्यात ती आकसली आणि रस्ते लाटांसारखे झाले.

१९८०च्या हायवेज कायद्याचं ५९वं कलम म्हणतं की असाधारण वाहतुकीने रस्ता खराब झाला तर दुरुस्तीचा जादा खर्च त्या वाहतूकवाल्याकडून वसूल करता येतो. ऐकायला झकास. पण नुकसान त्याच्याच ट्रकनी केलं हे कसं दाखवणार? काम सुरू व्हायच्या आधी रस्त्याची इंच न इंच चित्रफीत करून ठेवलेली असेल तर दाखवता येतं. नसेल तर त्याचा वकील शांतपणे म्हणतो, खड्डा आधीचाच होता.

इथे मी फाटकापाशी येतो. गावाबाहेर नवी घरं, रेतीची खाण, गोदाम, काहीही होऊ घातलं की नियोजन परवानगीचा अर्ज लागतो. त्याच वेळी, १९९०च्या नगरनियोजन कायद्याच्या १०६व्या कलमाखाली, करार करता येतो: ट्रक फाटकातून बाहेर पडून फक्त उजवीकडे वळतील, गावाकडे नाही; शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी फिरणार नाहीत; बाहेर पडताना चाकं धुतील; ट्रकवर नंबर ठळक असेल, म्हणजे कुणाचा होता ते कळेल. फाटकाची रचनाच अशी करता येते की गावाच्या दिशेने ट्रकला वळताच येऊ नये. वळण कापून टाकलं की पाटीची गरज उरत नाही, पोलिसाची तर नाहीच. हे सगळं अर्ज मंजूर व्हायच्या आधी मागायचं असतं. एकदा परवानगी मिळाली की आम्ही फक्त विनंती करू शकतो.

आणि नेमकं तेव्हा कुणी येत नाही. लोक अर्जातल्या घरांची चित्रं बघतात, आपल्या खिडकीतून काय दिसेल ते विचारतात. 'बांधकाम वाहतूक व्यवस्थापन आराखडा' नावाचा कंटाळवाणा कागद कुणी उघडत नाही. तुमच्या वसाहतीच्या वेळीही हेच झालं होतं. एका नव्या घराला पाया, भिंती, रस्ते धरून दोनशे टनांपर्यंत खडी-वाळू लागते असं म्हणतात. ३२ टनी टिपरमध्ये साधारण वीस टन माल मावतो. म्हणजे घरामागे दहा खेपा, नुसत्या खडीच्या. त्या खेपा जुन्या गावातल्या लोकांनी सोसल्या, आता पुढच्या वसाहतीच्या तुम्ही सोसताय. हे मी गणपतीत तोंडावर म्हणत नाही, म्हणून इथे.

माल रस्त्यावर येऊच नये हे सर्वांत उत्तम. सॉमरसेटमधल्या मेंडिप टेकड्यांतल्या मोठ्या खाणींची बरीच खडी रेल्वेने लंडनकडे जाते. पण त्याला खाणीच्या दारात रूळ लागतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक खेपांची सुरुवात बांधावरून होते.

बांधावरून म्हणजे बीटच्या शेतातून. ईस्ट अँग्लियात, म्हणजे आमच्या या भागात, सप्टेंबरच्या सुमारास बीटचा हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या आसपास संपतो. कँटली, विसिंग्टन, बरी सेंट एडमंड्स इथले साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. मी शिरोळ तालुक्यात वाढलो, त्यामुळे पहिल्या वर्षीच ओळख पटली: तोच नाशवंत माल, तीच कारखान्याची घाई, त्याच रांगा, रस्त्यावर सांडलेला माल आणि मागे अडकून हॉर्न वाजवणारी जीपगाडी. इथे हॉर्न वाजत नाही एवढंच. या शेतकऱ्यांशी भांडून उपयोग नसतो, बसून बोललं की असतो. बांधाच्या कडेला पक्का ओटा केला की बीट तिथे रचता येतं, ट्रक चिखलात उतरत नाही आणि चिखल रस्त्यावर येत नाही. भरलेला ट्रक एका वाटेने जाईल, रिकामा दुसरीने येईल, असं मोसमापुरतं ठरवलं की अरुंद गल्लीत दोन ट्रक समोरासमोर येतच नाहीत. याला आदेश लागत नाही, नोटीस लागत नाही. शेतकरी, ट्रकवाला आणि पॅरिशचा क्लार्क यांनी ऑगस्टमध्ये एकदा चहा प्यायला हवा.

म्हणून पुढच्या वेळी मला गाठाल तेव्हा 'फार ट्रक येतात' एवढं सांगू नका. कंपनीचं नाव, नंबर, वार, वेळ, कुठून कुठे, असं सांगा. एकाच खाणीचे असतील तर त्या खाणीच्या परवानगीतल्या अटी आपण काढून बघू. बरेचदा अट असते आणि ती मोडली जात असते, आणि तेवढ्यावर काम होऊन जातं. गावाजवळ नवा अर्ज आला असेल तर हरकतींच्या २१ दिवसांच्या आत सांगा, बाविसाव्या दिवशी नको.

आणि ट्रेलर लावलेल्या ट्रॅक्टरबद्दल विचारणार असाल तर तो मालवाहू ट्रक धरला जात नाही. ७.५ टनांची पाटी त्याला सहसा लागूच होत नाही. ट्रेलरसकट तो ३१ टनांपर्यंत भरू शकतो आणि ताशी २५ मैलांनी जातो. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. दहा मिनिटं आधी निघा.