लांब की आखूड? एअर पिस्तूल घेताना गेलेले माझे चार महिने

मागच्या एप्रिलमध्ये मी स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की आठवड्याभराचं काम आहे, चार जणांना विचारायचं, पैसे भरायचे आणि मोकळं व्हायचं. लागले चार महिने. आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला, लांब बॅरलचं (नळीचं) घेऊ की आखूड.

आधी थोडं सांगते. मुलाला नागपुरात प्रतापनगरातल्या एका छोट्या शूटिंग रेंजवर सोडायला जायची मी, सहा लेनचा हॉल आहे, बाहेर बसायला जागा नाही म्हणून आतच बसून राहायची. एक दिवस तिथले शिकवणारे सर म्हणाले, "ताई, बसून काय करता, धरून तर बघा." तेव्हापासून दोन वर्षं झाली, आता मुलापेक्षा मीच जास्त नियमित आहे. इतके दिवस क्लबचं पिस्तूल वापरत होती, पण ते पाच जणांच्या हातात फिरतं, कोणी साइट (नेम धरायची मागची खाच आणि पुढची पट्टी) फिरवून ठेवलेली, कोणी ट्रिगर सरकवलेला, दरवेळी पहिले वीस शॉट ते जाग्यावर आणण्यात जायचे.

घरी विषय काढला तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, "पोलिसात जावं लागेल का गं?" नाही लागत. आपल्याकडे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० जूलच्या आतली एअरगन असेल तर लायसन्सची गरज नसते, आणि मॅचचं पिस्तूल तर पाच-सहा जूलच्या आसपास असतं, छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरनं जातो.

आता मुद्द्याचं. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ या कंपन्यांची दहा मीटरची पिस्तुलं दोन लांबीत येतात, एक पूर्ण आणि एक आखूड. नियमात बॅरलच्या लांबीची वेगळी अट नाही, अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, एवढंच. म्हणजे दोन्ही चालतात. मी ज्याला ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, बाईमाणूस आहे, खांदा दुखेल, छोटं घ्या. काहून ते कोणीच नीट सांगितलं नाही.

माझा दीर टेक्सासला असतो, तो तिकडे हौशी स्पर्धा खेळतो, त्याला फोन केला. तो म्हणे, "वहिनी, डोळे मिटून लांब घ्या." त्यानं स्वतः ग्लॉक १७ हे ९ एमएमचं पिस्तूल सोडून त्याच कंपनीचं ३४ घेतलं होतं, त्याची स्लाइड (वरचा सरकता भाग) लांब, मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर १६५ वरून १९२ मिमी होतं, आणि त्याचा निशाणा सुधारला म्हणे. ९ एमएम इथं सामान्य माणसाला मिळत नाही तो भाग वेगळा, पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्याचा आणि माझा खेळच वेगळा आहे. तो दोन हातांनी धरतो, धक्का सांभाळतो, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर धावतो. माझ्याकडे एक हात, धक्का जवळपास नाहीच, आणि सव्वा तासात एकाच वर्तुळावर साठ शॉट. त्यामुळे त्याचं उत्तर जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नव्हता, स्वतःच मोजून बघावं लागणार होतं.

नशिबानं रेंजवरच्या एका दादाकडे लांब होतं आणि एका मुलीकडे त्याच कंपनीचं आखूड. दोघांनी रविवारी दोन-दोन तास द्यायचं कबूल केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आधी टेप लावून मोजलं. लांबवाल्याच्या दोन साइटमध्ये ३५ सेंमी, आखूडमध्ये ३१. घरच्या वजनकाट्यावर ठेवलं तर दोघांत शंभर ग्रॅमचाही फरक नाही, पण हातात धरल्यावर लांबवालं बरंच जड वाटे कारण वजन पुढे होतं.

हिशोब असा की फ्रंट साइट खाचेत ०.१ मिमी इकडेतिकडे झाली तर ३५ सेंमीच्या पिस्तुलात दहा मीटरवर छर्रा साधारण २.९ मिमी सरकतो, ३१ सेंमीच्यात ३.२ मिमी. दहा गुणांचं मधलं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि एकेक गुण कमी होणारी बाहेरची प्रत्येक रिंग ८ मिमीवर. म्हणजे फरक आहे, पण एवढाही नाही की त्यानंच सगळं ठरेल. आणि आखूड बॅरल कमी अचूक असतं हे तर विसराच, क्लॅम्पमध्ये बांधून मारलं तर दोन्ही एकाच भोकात घालतात, कंपनी तसा टेस्टचा कागदच सोबत देते.

पहिल्या रविवारी दोन्हींनी साठ-साठ शॉट मारले, एक सकाळी एक संध्याकाळी. मे महिना, बाहेर ४५, आत कूलर, तळहात ओला. लांबवाल्याचे ५२८ आले, आखूडचे ५२७. मी म्हटलं घ्या, काहीच फरक नाही, स्वस्त मिळेल ते घेऊ. सर म्हणाले, "टोटल नका पाहू ताई, सिरीज लिहा." म्हणजे दहा-दहा शॉटचे गुण वेगळे. लिहिल्या. लांब : ९१, ९०, ८९, ९०, ८५, ८३. आखूड : ८७, ८८, ८८, ८९, ८८, ८७. एक सुरुवातीला वर आणि शेवटी धाडकन खाली, दुसरं सगळीकडे सारखं. टोटल पाहून बसली असती तर हे कधी दिसलंच नसतं.

मला वाटलं उत्तर मिळालं, खांदा थकतो, आखूडच घ्यायचं, लोक बरोबर सांगून राहिले होते. सरांनी मात्र शेवटच्या वीस शॉटचे कागद समोर धरले. जवळजवळ सगळे छर्रे सरळ खाली गेले होते. ते म्हणाले खांदा थकला की हात उतरतो हे खरं, पण तो उतरलेला डोळ्याला दिसतो आणि आपण परत उचलतो, इथं मनगट वाकलंय आणि ते तुम्हाला कळलंच नाही. मग त्यांनी माझी पकड पाहिली. दादाच्या पिस्तुलाला मिडियम ग्रिप (धरायची मूठ) होती, माझा पंजा लहान, तळव्यामागे चांगली बोटभर जागा रिकामी. त्या मुलीच्या पिस्तुलाला स्मॉल ग्रिप. म्हणजे मी लांबी तपासतेय म्हणून जे करून राहिली होती ती खरं तर ग्रिपची तुलना होती! हे कळलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, कारण मी जवळजवळ ऑर्डर देऊन बसली होती.

कंपनी एकच असल्यामुळे ग्रिप अदलाबदल होते. त्या मुलीनं स्वतः स्क्रू काढून तिची स्मॉल ग्रिप लांबवाल्याला लावून दिली. पुढच्या रविवारी : ९१, ९१, ९०, ९०, ८८, ८७, टोटल ५३७. आखूड त्याच ग्रिपवर ५२९. पुढचे दोन रविवार परत केलं, आकडे थोडे इकडेतिकडे, पण दरवेळी लांबच पुढे.

हे काहून होतं यावर मी खूप विचार केला, आणि माझ्यापुरतं मला जे कळलं ते सांगते. आखूड पिस्तूल हातात शांत वाटतं. फ्रंट साइट खाचेत कमी हलताना दिसते, मन निवांत होतं, आणि त्या निवांतपणात माझं बोट ट्रिगरवर घाई करतं. प्रत्यक्षात चूक तेवढीच असते, ती दिसते कमी आणि कागदावर उमटते जास्त. लांबवालं सगळं दाखवतं, सुरुवातीला त्यानं घाबरायला होतं, आपण एवढे हलतो का असं वाटतं, पण दिसतं म्हणून मी दुरुस्त करते नाहीतर शॉट न मारता हात खाली घेते. साठ शॉटसाठी ७५ मिनिटं असतात, हात खाली घ्यायला कोणी नाही म्हणत नाही.

डोळ्यांचंही सांगते, कारण मी बेचाळीसची आहे आणि जवळचं धूसर व्हायला लागलंय. दोघातिघांनी सांगितलं की लांबवाल्यात फ्रंट साइट लांब जाते म्हणून स्पष्ट दिसते. मला चार सेंमीनं काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो चष्म्यानं. धरमपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हात लांब करून दाखवला की एवढ्या अंतरावरची पट्टी मला स्वच्छ दिसली पाहिजे, मागचं टार्गेटचं काळं धूसर झालं तरी चालेल, त्यांनी लांबच्या नंबरात ०.७५ वाढवून उजव्या डोळ्याची काच दिली. हे काम पिस्तुलाच्या आधी करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट अजून राहिली होती, पुढे लावलेलं छोटं वजन. ते काढून मारलं तर ८९, ९०, ९०, ९०, ९०, ८८. टोटल परत ५३७, पण त्या रात्री पहिल्यांदा मानेपासून खांद्यापर्यंत ठणका लागला नाही आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना हात आपला वाटला. वजन काढलं की पिस्तूल जरा भिरभिरतं हे खरं आहे, पहिल्या सिरीजचे दोन गुण तिथंच गेले. मला चालतं.

तर ठरलं : लांब, स्मॉल ग्रिप, पुढचं वजन नाही.

मग खरेदी. नवीन दीड लाखाच्या वर जातं म्हणून आधी जुनं पाहिलं. दुसऱ्या शहरातल्या एकाकडे अगदी हवं तसं होतं, फोटोत चकाचक, किंमत निम्मी. सरांनी एवढंच सांगितलं, छर्रा ढकलणाऱ्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख मागवा. २०० बारची हवा असते त्यात, आणि या सिलिंडरला कंपनीनं दहा वर्षांची मुदत दिलेली. फोटो मागवला तर दोन सिलिंडरपैकी एकाची मुदत उन्हाळ्याआधीच संपलेली, दुसऱ्याला आठ महिने बाकी. विकणारा म्हणे लीक नाही ना, चालतं. नाही चालत. सिलिंडर मुदतीत आहे ही जबाबदारी नियमानं खेळाडूची असते, आणि स्पर्धेचं सोडा, तोंडासमोर धरायची वस्तू आहे ती. नवीन दोन सिलिंडर बाहेरून मागवायचे म्हटलं तर वाचलेल्या पैशातले बरेच तिथंच जात होते. मी नाही म्हटलं, एफडी मोडली आणि डीलरकडे नवीन बुक केलं, सहा आठवड्यांनी आलं.

जुळवून घ्यायला अजून महिना गेला. उजव्या हातातल्या बांगड्या आता रेंजवर पोचायच्या आधीच काढते, मनगटाला कसलाही आधार नको असा नियम आहे. भर उन्हाळ्यात सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही हे मुलालाही शिकवलं. त्याला मात्र सरांनी क्लबचं आखूडच दिलंय, चौदाचा आहे, हात अजून भरला नाही, आणि त्याच्या हातात ते खरंच छान बसतं.

रोज संध्याकाळी एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली हात लांब करून धरते, पिस्तुलाएवढंच वजन होतं. सुरुवात २० सेकंदांनी केली होती, आता ३५ वर आली. पुढचं वजन डब्यात कापसात ठेवलंय, ४० झाले की परत लावून साठ शॉट मारून बघायचे असं सरांशी ठरलंय.