पानशेतच्या कादंबरीची प्रगती : तिसरे प्रकरण पूर्ण

पानशेतच्या पुरावरील माझ्या कादंबरीचे तिसरे प्रकरण या आठवड्यात हातावेगळे झाले. मधल्या काळात रखडलेले लेखन पुन्हा मार्गी कशामुळे लागले, ते लिहिणाऱ्या मित्रांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ही नोंद सविस्तर करतो.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ दुपारी खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत शिरले. एवढे सगळे शहर एकदम डोळ्यांसमोर आणले की काय लिहावे हेच सुचेनासे होते. म्हणून कथानक मी शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळच्या एका काल्पनिक वाड्यापुरते आणि त्यातल्या तीन बिऱ्हाडांपुरते मर्यादित केले. फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, पहाटे लवकर बसतो, हे सर्व आहेच. पण माझे चित्त खऱ्या अर्थाने स्थिर झाले ते वहीच्या डाव्या पानावर एकच प्रश्न लिहून बसण्याची सवय लागल्यावर. उजव्या पानावर केवळ त्या प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहणारा प्रसंग लिहायचा, दुसरे काहीही नाही.

तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न असा होता : पूर ओसरल्यावर या माणसांनी प्यायचे पाणी कुठून आणले? शहराला पाणी पुरवणारे खडकवासल्याचे धरणच गेल्यामुळे नळ कोरडे पडले आणि लोकांना जुन्या विहिरींकडे व पेशवेकालीन हौदांकडे वळावे लागले, एवढे वाचून ठाऊक होते. त्यावरून हौदावरची रांग मी लिहूनही काढली, परंतु तिच्यात जीव येईना. मग आमच्या शेजारच्या आजींना विचारले. त्या चटकन म्हणाल्या, "अरे, पाणी मिळायचं रे, पण भरायचं कशात? हंडे-कळश्या सगळं वाहून गेलेलं."

या एका वाक्याने प्रकरण फिरले. माझ्या कथेतली नवी सून आता हौदावर जाण्याआधी कळशी मागायला निघते, आणि ज्या घरात भांडी शिल्लक आहेत त्या घराशी तिच्या सासूबाईंचे कित्येक वर्षे बोलणे नाही. चिखलाने भरलेल्या चौकातून ती त्या दारापर्यंत जाते, तो प्रसंग मला मुद्दाम शोधावा लागला नाही. प्रेरणेची वाट पाहत बसण्यापेक्षा असा नेमका प्रश्न घेऊन माणसांकडे जाणे कितीतरी फलदायी असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

ग्रंथालयातील जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींनाही हाच नियम लावला आहे, कारण तिथल्या छोट्या जाहिराती वाचण्यात दिवस सहज निघून जातो. उत्तर मिळाले की फाइल मिटायची आणि घरी येऊन लिहायला बसायचे. पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढून भिडे पूल पाण्याखाली जातो, त्या दिवशी मात्र लकडी पुलावर जाऊन मुठेचा रंग आणि आवाज टिपून आणतो.

चौथे प्रकरण पूरग्रस्तांसाठी वसलेल्या गोखलेनगरात घडेल. डाव्या पानावरचा नवा प्रश्न आहे : वाड्यातली मुले तिकडे राहायला गेल्यावर पेठेतल्या जुन्याच शाळेत येत राहिली का, आणि येत असतील तर कोणत्या वाटेने? या वाटेच्या आठवणी कोणाच्या घरी असतील, तर त्या मला अवश्य ऐकायच्या आहेत.