चौदा रोपं, सकाळी अकरा

लावणीनंतर दिवस १
काल संध्याकाळी टोमॅटोची चौदा रोपं वाफ्यात लावली. आज सकाळी उभी अकरा, आडवी तीन. आधी वाटलं मर (कोवळी रोपं कोलमडवणारा रोग) लागली, कारण ट्रेमध्ये एकदा तो धडा मिळालाय. पण मर लागलेलं रोप मातीलगत पाणचट होतं, देठ दोऱ्यासारखा बारीक होतो आणि मग ते कोलमडतं. इथे देठ कात्रीने छाटल्यासारखा तुटलेला, शेंडा बाजूलाच पडलेला आणि पानं अजून टवटवीत. म्हणजे देठ कुरतडणारी अळी.

पडलेल्या रोपांभोवतीची माती बोटाने दोन-तीन सेंटीमीटर उकरली. तिसऱ्या रोपापाशी सापडली: मातकट, गुळगुळीत, बोट लागताच वेटोळं करून मेल्याचं सोंग घेणारी. शेजारीच दुसरी. तीन रोपं दोघींनीच पाडली असणार, कारण ही बया एक रोप धड खात नाही. तोडते आणि पुढच्याकडे वळते. दिवसा मातीत, रात्री कामावर.

दिवस २
टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या अर्ध्या कापल्या, उभी चीर देऊन रोपांभोवती बसवल्या. दोनेक सेंटीमीटर मातीत, बाकी वर. नळी बसवण्याआधी आतली माती उकरून बघायचीच. मी आळस केला आणि एका रोपाला अळीसकट कोंडलं. आता दहा.

दिवस ६
टोमॅटो शांत. कोबीच्या रोपांना मात्र भोकं पडलीत, एकाचा तर शेंडाच गायब. मी लगेच निंबोळी अर्क काढणार होतो, पण या वेळी हात आवरला आणि रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गेलो. चकाकणारे ओले माग आणि त्यांच्या टोकाला शेंबड्या, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगायी. अंड्याच्या टरफलांचं कडं मी मोठ्या कौतुकाने घातलं होतं. एक बाईसाहेब त्याच्यावरूनच आरामात चालल्या होत्या. टरफलं आता कंपोस्टमध्ये.

उपाय दोनच केले. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी, म्हणजे रात्री माती वरून कोरडी राहते. आणि वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट. उजाडताना त्याखाली दडलेल्या गोळा करायच्या. पहिल्या सकाळी १९, दुसऱ्या ११, चौथ्या सकाळी ४. मीठ टाकायचा मोह होतो, पण वाफ्यात मीठ म्हणजे मातीचं आणि रोपाचं दोघांचं वाटोळं.

दिवस ११
काकडीच्या बीजपत्रांवर लाल भुंगे. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हाच साबणाच्या पाण्यात झटकले. उन्हं चढली की हातात येत नाहीत.

दिवस १५
ही माझी खरी फजिती. मिरचीच्या ट्रेवर दहा दिवसांपूर्वी बारीक जाळी घातली होती, पांढरी माशी लांब राहावी म्हणून. कडा मातीत दाबल्या, वर दगड ठेवले, कुठे फट नाही. आज उघडून बघतो तर शेंडे चिकट, पानं मुरडलेली आणि पानांखाली मावा खचाखच. जाळी घालताना दोन-चार आतच राहिले असणार. या किड्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात, त्यामुळे दोन-चारही पुरतात. बाहेर असते तर ढालकिड्यांनी (लेडीबर्ड भुंग्यांनी) खाल्ले असते. मी त्यांच्यासाठी दारच बंद केलं होतं. जाळी घालण्याआधी प्रत्येक पान उलटून बघायला हवं होतं.

जाळी काढली. पानांची खालची बाजू पाण्याच्या बारीक धारेने धुतली, तीन दिवस रोज. ट्रे पाण्यात ठेवलेल्या विटांवर ठेवला, कारण मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात.

दिवस २१
मिरचीवर काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी. चिमटीत धरलीसुद्धा होती! मग बघितलं, तिच्या तोंडात मावा. ढालकिड्याचं पिल्लू. जपून परत पानावर ठेवलं.

आजची मोजणी: टोमॅटो दहा, कोबी आठपैकी सात, मिरची बारापैकी नऊ, त्यातल्या दोघींचे शेंडे अजून मुरडलेले. परवा वांगी वाफ्यात जातील. नळ्या कापून ठेवल्यात, माती आज संध्याकाळी उकरून बघतो.