पॅरिसच्या लिफ्टमधला कोबाल्ट

वकिलातीत अणुऊर्जेचा काउन्सेलर होतो म्हटलं की लोक जरा जवळ सरकून हळू आवाजात विचारतात, म्हणजे नक्की काय करायचात हो तुम्ही, बॉम्बबिंब? आता काय सांगणार. मूळ नोकरी ट्रॉम्बेला, रेडिएशन सेफ्टीत, आणि मधली काही वर्षं पॅरिसला पोस्टिंग. तिथलं नव्वद टक्के काम म्हणजे मुंबईहून आलेल्या डेलिगेशनची हॉटेलं, कराराच्या मसुद्यातल्या स्वल्पविरामावरून होणारी भांडणं, आणि दिल्लीला पाठवायच्या नोट्स. अणुसुरक्षेतलं जे खरं काम म्हणून लक्षात राहिलंय ते सगळं भंगाराचं होतं.

२००८ चा ऑक्टोबर. सप्टेंबरच्या ६ तारखेला एनएसजीने, म्हणजे अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली होती आणि ३० तारखेला मनमोहनसिंग पॅरिसला आले असताना, फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांच्यासमोर, अणुकरारावर सह्या झाल्या होत्या. आमच्याकडे अजून लग्नघर उरकल्यासारखं वातावरण होतं, सगळे दमलेले पण खूश. त्यात एका सकाळी कमर्शियल विंगचा सहकारी फ्रेंच पेपर घेऊन माझ्या केबिनमध्ये आला, न बसताच पेपर टेबलावर टाकला आणि म्हणाला, हे तुमचं की माझं? लिफ्टची बटणं रेडिओॲक्टिव निघाली होती. स्टील भारतातलं.

लियोनच्या बाजूला एका छोट्या गावात लिफ्टची बटणं जुळवणारा कारखाना होता. तिथे भारतातून आलेल्या स्टीलच्या भागांत कोबाल्ट-६०, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्ट, सापडलं. तीसेक कामगारांपैकी वीस जणांना १ ते ३ मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) दरम्यान डोस मिळाला असा फ्रेंच नियामकांचा, म्हणजे एएसएनचा, हिशेब होता. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या माणसाला हा डोस काहीच नाही, निसर्गातूनच जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिळतो. पण हे लोक स्क्रू पिळणारे साधे कामगार, त्यांच्यासाठी सामान्य माणसाचीच मर्यादा, वर्षाला १. ती ओलांडली म्हणून एएसएनने घटनेला अणुघटनांच्या गंभीरतेच्या सात पायऱ्यांपैकी दोनची लेव्हल दिली आणि बरोबरच केलं. आणि ती बटणं पाचेकशे लिफ्टमध्ये आधीच बसवून झाली होती, ती काढायचं काम चालू झालेलं.

ॲम्बॅसेडर साहेबांनी लगेच बोलावलं. त्यांची पद्धत ठरलेली, फिजिक्स नको, तीन ओळी द्या. पत्रकारांचा पहिला प्रश्न काय येणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, की बाबा महिनाभरापूर्वी आमच्याशी करार केलात, आता तुमच्या अणुभट्ट्या गळतायत का?

आता इथे गंमत अशी की "आमचा काही संबंध नाही" हे वाक्य मला छातीठोकपणे लिहिता येत नव्हतं. कोबाल्ट-६० आपण स्वतः बनवतो, राजस्थानच्या भट्ट्यांमध्ये, ते कॅन्सरच्या मशीनला जातं, सिरिंजा निर्जंतुक करायच्या प्लँटला जातं. म्हणजे ते कुठल्या भट्टीच्या गळतीतून आलेलं नाही हे अर्ध्या मिनिटात सांगता येतं, गळतीत एकटं कोबाल्ट येत नाही, बाकीचा गोतावळा बरोबर येतो. पण आपलाच एखादा जुना सोर्स, म्हणजे कोबाल्टची बंद कांडी, हरवून भंगारात गेला का, ते रजिस्टर बघितल्याशिवाय कोण सांगणार? मुंबई साडेतीन तास पुढे, तिथे जेवणाची वेळ होऊन गेलेली. अणुशक्तीनगरला नियामक भवनात, म्हणजे आपल्या अणुऊर्जा नियामकांच्या ऑफिसात, माझा एक जुना सहकारी होता, त्याला लावला. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "बोल, बटणंच ना? आमची माणसं गाडीत बसलीत." फौंड्री महाराष्ट्रातलीच होती. रजिस्टरचं विचारलं तर म्हणाला, "बघतोय रे, पण वितळलेल्या सोर्सवरचा नंबर तुला कोण वाचून दाखवणार?"

हेच तर आहे. हे सोर्स म्हणजे स्टीलच्या जाड नळकांड्यात बंद केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. एखादं हॉस्पिटल बंद पडतं, कारखाना दिवाळखोरीत जातो, नळकांडं जड म्हणून भंगारवाला खुशीत उचलतो. ते भट्टीत गेलं की सीझियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य असेल तर बरंचसं धुरातल्या धुळीत जातं, पण कोबाल्ट लोखंडाच्या जातीचं, ते आमटीत मीठ विरघळावं तसं अख्ख्या घाण्यात विरघळतं. त्या घाण्याच्या सळ्या, सळ्यांची बटणं. बाहेरून चकचकीत, वास नाही, रंग नाही. मेक्सिकोत १९८३ च्या सुमाराला असंच झालं होतं, हॉस्पिटलचं मशीन भंगारात जाऊन त्याच्या बांधकामाच्या सळ्या झाल्या आणि पत्ता कधी लागला तर सळ्यांचा एक ट्रक अमेरिकेत रस्ता चुकून लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेच्या गेटवरच्या डिटेक्टरसमोर गेला तेव्हा!

दुपारी एएसएनच्या ऑफिसात गेलो. मला वाटलेलं झाडणार. पण तिथला अधिकारी माझ्याच वयाचा, मोजमापातला माणूस, त्याने एक फोटो पुढे सरकवला. रुपयाएवढं बटण, वर जायचा बाण कोरलेला, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले डोसचे आकडे, चिकटून किती, हातभर अंतरावर किती. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला, लिफ्टमध्ये रोज बोट लावणाऱ्याला काय मिळेल, नगण्य आलं. कामगारांचं वेगळं, ते बटणांच्या पेट्या शेजारी ठेवून दिवसभर बसायचे. शेवटी तो एवढंच म्हणाला, तुमच्या बंदरांवर येणारं भंगार कोणी तपासतं का? मी म्हटलं, सगळीकडे नाही. त्यालाही उत्तर माहीत होतंच, नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

संध्याकाळपर्यंत तीन ओळी तयार झाल्या. एक, कुठल्याही भारतीय अणुभट्टीशी संबंध नाही. दोन, भंगारातून आलेला सोर्स वितळल्याची शक्यता, भारतीय नियामक फौंड्रीवर पोचलेत. तीन, फ्रान्सला सगळी माहिती मिळेल. दिल्लीतल्या कोणीतरी "भंगार" शब्द काढायला सांगितला, देशाची इमेज वगैरे. मी म्हटलं तो काढला तर उरते फक्त अणुभट्टी, ठरवा तुम्ही. राहिला शब्द.

घरी आलो तर बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम छत्रीच्या टोकाने बटण दाबत होत्या. ती लिफ्ट लाकडी दाराची, जाळीची, तिची पितळी बटणं माझ्या आजोबांच्या वयाची असतील. त्यांना सांगून पाहिलं, ऐकून घेतलं, छत्री काही खाली केली नाही.

पण खरी कमाल वकिलातीतच झाली. दिवाळी २८ तारखेला, रिसेप्शनची ताटं-वाट्या भारतातून मागवलेली, स्टीलची. वरून निरोप आला, जरा बघता का. मग मी खिशातला रेडिएशन मोजायचा सर्व्हे मीटर घेऊन किचनमध्ये, एकेक ताट उलटं-सुलटं करून मोजतोय, आचारी हात मागे बांधून भिंतीला टेकून उभा. मीटर नेहमीसारखा अधूनमधून टिक करत होता, बॅकग्राउंड, म्हणजे निसर्गातलं नेहमीचं रेडिएशन. त्याला प्रत्येक टिकला वाटायचं सापडलं. सगळी ताटं झाल्यावर त्याने गॅसची शेगडीही मोजून घेतली, नंतर कढया, मग म्हणाला साहेब, माझा हात पण बघा. बघितला.

दीड वर्षाने दिल्लीत मायापुरीला एका विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं गॅमा मशीन भंगारवाल्यांनी फोडलं, एक माणूस गेला, आणि सगळे जण आश्चर्य वाटल्यासारखं बोलायला लागले. बंदरांवर डिटेक्टरच्या कमानी बसवायचा विषय तेव्हाही चर्चेतच होता. मला आश्चर्य नाही, चीड आली.

बटणांच्या प्रकरणानंतर युरोपातले ग्राहक मालाबरोबर रेडिएशन नसल्याचं सर्टिफिकेट मागायला लागले. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीवाल्यांनी कुठून तरी माझा नंबर मिळवला. म्हणाले, "साहेब, सर्टिफिकेट आणतो की, काय फी असंल ती भरतो, पण मला एक सांगा, माझ्या भट्टीत भंगार येतंय ते जहाजानं बाहेरनंच येतंय. आता ते ह्यांच्याच देशातनं आलं नसंल कशावरनं? त्यांनी पाठवताना कुठलं सर्टिफिकेट लावलंवतं?" मी म्हटलं, ते मलाही विचारायचंय, पण तोवर तुम्ही गेटवर एक मीटर घेऊन माणूस उभा करा, ट्रक आत यायच्या आधी. ते म्हणाले मीटरचा मॉडेल नंबर सांगा, लिहून घेतो.