इंजिन उघडावे की गाडी विकावी?
पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढावर आमच्या १२ वर्षांच्या गाडीचे इंजिन तापून बंद पडले. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) जळाल्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ऑइलमध्ये मिसळले होते आणि ऑइल दुधाळ चहासारखे दिसत होते. मेकॅनिकने इंजिन उघडून दुरुस्त करायला ६५ हजारांचा खर्च सांगितला. चालू स्थितीत गाडीची किंमत फार तर दीड लाख. १५ वर्षांनंतर फेरनोंदणीही ५ वर्षांचीच मिळते. तरीही बंद इंजिनाची गाडी भंगाराच्या भावाने देऊन, तेवढ्याच पैशांत घेतलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीच्या इंजिनाची खात्री कोणाकडे मागायची, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. शिवाय आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. मात्र हेडला बाक आलेला नाही आणि क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) बेअरिंग शाबूत आहे, हे समोर उभे राहून तपासून घेतल्यानंतरच मी दुरुस्तीला होकार दिला.